राजदरबाराचा पडदा : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर, रविवार

देवळाच्या अग्रशाळेच्या (भाविकांच्या उतरायच्या जागेच्या) माळ्यावरून नाटकाचा पडदा आज खाली काढला. चौघे लागलो. २४ फूट रुंद, १४ फूट उंच, खालच्या काठाला बांबू. उलगडायला घेतला तर आधी उंदरांच्या लेंड्या, मग बुरशीचा वास, मग सुटलेल्या रंगाची पूड, आणि त्यानंतर एकेक करत माझे खांब.

माझेच. हा राजदरबार मी १९९६ साली रंगवलाय, २३ वर्षांचा होतो, पणजीत आल्तिनोवरच्या आर्ट कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, हातात नोकरी नव्हती आणि डोकं भलत्याच उंचीवर होतं. त्याच्या दुसऱ्या वर्षी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो तो आजपर्यंत.

कमिटीत यंदा दोन मतं होती. तरुण मुलांना एलईडी वॉल भाड्याने हवी होती, आमच्याकडच्या जात्रेतल्या नाटकाला आता बऱ्याच गावांत तीच असते. पण गेली तीस वर्षं राजाचं काम करणारे आमचे काका अडून बसले, म्हणाले त्या एलईडीच्या पुढे उभं राहिलं की माझं तोंड काळं दिसतं, मला माझ्या पाठीमागे कापड पाहिजे. बोलले ते बरोबर आहे, मागून उजेड आला की चेहरा मरतो. मग सगळे माझ्याकडे वळले, मास्तर, तुमचाच पडदा, तुम्हीच बघा काय होतंय ते. सामानाचे पैसे देवस्थान देणार, मजुरी मी नको म्हटलं.

जात्रा १४ डिसेंबरला. या नोंदी ठेवतोय कारण १९९६ ला मी एक ओळ सुद्धा लिहून ठेवली नाही आणि आज रंगात सरस (रंग बांधणारा गोंद) किती घातला होता तेच आठवत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज अग्रशाळेच्या हॉलमध्ये पडदा जमिनीवर पूर्ण अंथरला. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता आर्ट कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे, ती मदतीला आली. तोंडाला मास्क लावून दोघांनी मऊ ब्रशने बुरशी झाडली, कोरडीच, पाणी न लावता, कारण हा रंग पाण्याने सुटतो.

हालत लिहून ठेवतो. कापड मांजरपाट, अजून घट्ट आहे, शिवणी आडव्या आहेत (उभ्या शिवणी लांबून दिसतात, आडव्या वजनाने ताणून सपाट बसतात, हे मला तेव्हा एका म्हाताऱ्या नाटकवाल्याने सांगितलं होतं). डाव्या वरच्या कोपऱ्यात गळतीचा तपकिरी डाग, साधारण तीन फूट. बांबूचं एक टोक वाळवीने खाल्लंय. सिंहासनाच्या मागचा लाल पुष्कळ ठिकाणी सुटलाय. जिथे गुंडाळताना घडी पडली तिथे रंगाला तडे गेलेत.

खाली उजव्या कोपऱ्यात "देवस्थानास सप्रेम अर्पण" आणि पडदा देणाऱ्या घराण्याचं नाव, चार इंच उंच अक्षरात, तेही मीच रंगवलेलं, अक्षरांना सावली वगैरे देऊन. माझं नाव कुठेच नाही. मुलगी सगळे काठ फिरून शोधत होती. सर, सही कुठे केलीत? म्हटलं केलीच नाही. तिने का म्हणून विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. विनयाने केली नाही असं म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं. तेव्हा मला वाटायचं की पडदा म्हणजे काही चित्र नव्हे, सही करायची ती कॅनव्हासवर.

२० ऑक्टोबर, रविवार

आज फक्त सरस.

जुने पडदे ऑईल पेंटने नसायचे. तेलाचा रंग जड होतो, गुंडाळला की चिकटतो, आणि लाईटखाली चमकतो. म्हणून पूड रंग, खडूची पावडर आणि सरसाचं पाणी. माझ्या पडद्यातपण तेच आहे: पिवडी (पिवळा), काव (तांबडा), हिरमिजी (गडद लाल), नीळ, काजळी. पाचच. त्या पाचातून सगळा दरबार काढला होता, आणि आज जवळून बघताना मला त्या पोराचं कौतुक वाटलं कारण आता माझ्या कपाटात चाळीस ट्यूब आहेत.

सरस रात्रभर भिजत घातला होता, सकाळी फुगून जेलीसारखा झालेला. मग डबा गरम पाण्याच्या टोपात ठेवून विरघळवला. उकळू द्यायचा नाही, उकळला की चिकटपणा जातो. पहिली ट्रायल १ वाटी सरसाला ८ वाट्या पाणी: वाळल्यावर तुकडा दुमडला तर कट करून तडा. दुसरी १ ला १६: अंगठा घासला तर सगळा रंग अंगठ्यावर. तिसरी १ ला १२, चिमूटभर तुरटी: दुमडला, तडा नाही, घासला, जराशी पूड, पण ठीक. हेच धरायचं.

आणखी एक गोष्ट जी मी विसरलोच होतो, हा रंग ओला असताना जेवढा गडद दिसतो तेवढा वाळल्यावर राहत नाही, खडूमुळे फार फिका होतो. म्हणजे लावताना जे डोळ्याला दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, वाळल्यावर काय होईल ते मनात बघून आत्ता लावायचं. मुलीने कागदाच्या पट्ट्या करून हेअर ड्रायरने वाळवून नंबर घातले, हे तिचं डोकं. १९९६ ला माझ्याकडे पट्ट्या नव्हत्या न ड्रायर नव्हता, मी सरळ कापडावर लावत गेलो असणार. एवढी हिंमत कुठून आणली होती कुणास ठाऊक.

३० ऑक्टोबर, बुधवार, रात्र

सुट्ट्या लागल्यात. आज सुटलेला रंग बसवायचं काम केलं, पातळ टिश्यू पेपर ठेवून वरून कोमट पातळ सरस ब्रशने टेकवत जायचं, मग कागद हळू उचलायचा, दिवसभरात जेमतेम चार फूट. कंबर गेली.

परत येताना वाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहत होता. दरवर्षी बघतो, पण आज थांबलो. दोन आठवडे पोरं रात्र रात्र जागून करतायत, लोखंडी सांगाडा, गवत, वर्तमानपत्राचे थर, आणि एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा शिडीवर चढून डोळ्यातल्या लाल शिरा काढत होता, एकेक शीर बारीक ब्रशने, जीभ बाहेर काढून. पहाटे हा जाळणार. चार-पाच तासांत. खाली उभा असलेला कोणी ओरडला, अरे पुरो, कोण पळयता ते? (पुरे, कोण बघतंय ते?) पोरगा काही बोलला नाही, दुसऱ्या डोळ्याकडे वळला.

माझ्या वर्गातला आहे तो. ड्रॉइंगला त्याला मी काय मार्क देतो ते आठवून बरं वाटलं नाही. मी दिलेला फ्लॉवरपॉट तो कधी पूर्ण करत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज खरी अडचण सापडली, म्हणजे मला आधीपासून माहीत होती पण कबूल आज केली.

फरशीचे काळे-पांढरे चौकोन मागे जातात त्यांच्या रेषा दोरी लावून तपासल्या. डावीकडच्या खांबांच्या आणि फरशीच्या रेषा एका व्हॅनिशिंग पॉइंटला मिळतात, उजवीकडच्या दुसऱ्या. दोघांमध्ये १४ इंचांचं अंतर. सिंहासनाच्या मागे दरबार बरोबर मधोमध मोडतो. आठवी-नववीच्या पोरांच्या वहीत मी अशा ठिकाणी लाल गोल करतो.

कारण पण आठवलं. तेव्हा हा हॉल एवढा नव्हता, पडदा पूर्ण मावायचा नाही, मी अर्धा गुंडाळून ठेवून आधी डावी बाजू रंगवली, मग उजवी. दोन आठवड्यांत दोन वेगळ्या जागी उभा राहिलो आणि तसाच बघितला.

क्षितिजरेषा मात्र अचूक होती. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे नट पुढे उभा राहिला की दरबार त्याच्यावर चढत नाही आणि तो दरबाराहून राक्षसही वाटत नाही. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात वाचून केली नव्हती, मी लहानपणापासून मंडपात पुढे बसून नाटकं बघायचो, तिथून आलीय.

मुलगी म्हणाली, सर, सगळं खरडून उजवी बाजू नव्याने करूया, एका दिवसात ड्रॉ होईल. मला जमेल. आता मला हे डोळे मिटून जमतं. तरी मी हो म्हटलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तेच डोक्यात. झोप नाही. आज सकाळी लवकर एकटाच गेलो आणि उजवीकडचा पहिला खांब दुरुस्त करायला घेतला, न सांगता. स्केल, दोरी, खडू. रेषा मारली, बरोबर आली. मग दोन फूट रंगवलं. रंग जुळला, छाया जुळली, आणि तो दोन फुटांचा तुकडा बाकीच्या पडद्यावर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखा दिसायला लागला. चूक काही नव्हती त्यात. पण माझ्या पोराच्या हाताने, म्हणजे त्या २३ वर्षांच्या माझ्या हाताने, खांबाच्या कडेला एक रुंद, ओबडधोबड पिवळा फटका मारलाय, एकाच दमात, वरून खाली नऊ फूट, कुठे थांबला नाही. लांबून तो फटका म्हणजे ऊन वाटतं. मी तो सात वेळा कागदावर करून बघितला आणि सातही वेळा मध्ये थांबलो.

इथे लिहून टाकतो कारण कुणाला बोललो नाही कधी. १९९९ साली मी पणजीच्या एका गॅलरीत नऊ कॅनव्हास दिले होते, तीन महिन्यांनी न उघडलेल्या पॅकिंगमध्ये परत आले, दोरीची गाठ पण माझीच होती. त्यानंतर दोन-तीन वर्षं घरी काहीतरी करत राहिलो आणि मग बंद. विचारणाऱ्याला सांगायचो, शाळा, पेपर, मुलं, वेळ मिळत नाही. वेळ होता. मे महिन्याच्या सुट्ट्या होत्या, पावसाळ्यातल्या रात्री होत्या. मी घाबरत होतो की काढायला बसलो आणि काही आलंच नाही तर मग मी कोण. न काढता राहिलं की निदान "वेळ मिळाला असता तर" एवढं तरी हातात राहतं. वीस वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली, आणि ह्या पडद्यापुढे ते वाक्य टिकत नाही कारण इथे त्या पोराने वेळ, जागा, पैसे, मोजपट्टी यातलं काही नसताना २४ फूट दरबार उभा केला.

संध्याकाळी ओल्या स्पंजने ते दोन फूट पुसून काढले. सरसाचा रंग आहे, येतो निघून. खाली माझा जुना खांब होता तसा सापडला.

ठरलं. सुटलेलं बसवायचं, डाग झाकायचे, तडे भरायचे. रेषा हलवायच्या नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

डावीकडची चवरी ढाळणारी दासी. तिचा चेहरा अर्धा गेलाय, नाक आणि एक डोळा उरलाय. मुलगी म्हणाली किती सुंदर ड्रॉ केलंय, सर. तिला खरं सांगितलं की ही माझी नव्हे. आमच्या आईकडे जुने दिवाळी अंक होते, त्यात दीनानाथ दलालांची चित्रं. दलाल आमच्या मडगावचे, १९१६ चा जन्म, मुंबईत जाऊन १९४५ ला स्वतःचा "दीपावली" अंक काढला. पोस्टर कलरने मी त्यांच्या बायका वर्षानुवर्षं कॉपी केल्या, ते मानेचं वळण, ते लांब डोळे, हात आपोआप तिकडेच जायचा. पडद्यावर पण तीच आली.

मग आता गेलेला अर्धा चेहरा कसा भरायचा? अंक काढून परत दलालांचा डोळा घालायचा की आज मला जशी दिसते तशी बाई काढायची? तासभर नुसता बसलो. शेवटी उरलेल्या नाकाकडे नीट बघितलं तर ते दलालांचं नाहीच. रुंद आहे, शेंड्याला जरा बसकं. ते आमच्या आजीचं नाक. म्हणजे कॉपी करता करता मध्येच कुठेतरी माझ्या ओळखीचं माणूस त्यात शिरलं होतं आणि मला २८ वर्षं पत्ता नाही.

डोळा आजीचा काढला. एका बैठकीत आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाच्याचा व्हॉट्सॲप: मामा, हँडबिल छापायला देतोय, तुमचं नाव कशाखाली घालू? रंगभूषा, वेशभूषा, प्रकाश, पार्श्वसंगीत आहे. नेपथ्य घालू की आर्टिस्ट घालू? आणि कलाकार म्हणून वेगळी यादी आहे ती स्टेजवरच्यांची.

आमच्याकडे हे असंच आहे. कलाकार म्हणजे जो स्टेजवर चढतो, गातो, तोंडाला रंग लावतो. ज्या तालुक्यातून केसरबाई केरकर आणि दीनानाथ मंगेशकर आले तिथे असं असणं साहजिक आहे, मला त्याचा राग नाही. ब्रशवाला तो पेंटर. नंबर प्लेट रंगवणारा पेंटर, दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर, भिंतीला चुना काढणारा पण पेंटर. कॉलेजात आम्ही हा शब्द ऐकला की तोंड वाकडं करायचो. चित्रकार लक्ष्मण पै आमच्या आधी प्रिन्सिपल होते, १९७७ ते १९८७, त्यांच्या गोष्टी ऐकून आम्हाला सगळ्यांना आर्टिस्टच व्हायचं होतं.

रिप्लाय न देता बसलो होतो तेव्हा बाबूराव पेंटर आठवले. कोल्हापूरचे ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, आडनाव मेस्त्री, सिनेमा काढायच्या आधी दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यात त्यांचं एवढं नाव झालं की लोकांनी पेंटर हेच आडनाव करून टाकलं. बाबूरावांनी पुढे कॅमेरा केला, सिनेमे केले, आणि तरी तेच आडनाव शेवटपर्यंत ठेवलं. पडदे रंगवणाऱ्या माणसाने या शब्दाला लाजायचं काही कारण नाही.

भाच्याला लिहिलं, पडदा, असं लिही आणि पुढे माझं नाव, त्यापुढे पेंटर. आणि मुलीचं नाव पण, माझ्या बरोबरीने, "सहाय्य" वगैरे नको.

पाठवून टाकल्यावर चहा करून प्यायलो आणि वही घेऊन आमच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसलो. समोरच्या फणसाच्या खोडाचं स्केच केलं. खूप वर्षांनी, कुणी सांगितलेलं नसताना. खास नाही आलं. दुसरं केलं.

८ डिसेंबर, रविवार

टांगून बघितला. नवा बांबू, नव्या दोऱ्या, कप्प्यांना तेल. पहिल्यांदा सोडला तेव्हा डावी दोरी अडकली आणि दरबार तिरका लोंबला, मुलीचा जीव वर. दुसऱ्यांदा नीट.

मी मधोमध उभा राहिलो: मोड दिसतो, सिंहासनाच्या मागे, ज्याला माहीत आहे त्याला. मग डावीकडे जाऊन बसलो, जिथे बायका बसतात, आणि तिथून उजवे खांब आत खोल जाताना दिसले, एकदम पटणारे. उजवीकडे गेलो तर डावे. आमच्या मंडपात मधोमध बसतं कोण, मध्ये तर पालखीची वाट मोकळी ठेवतात. हे मी तेव्हा ठरवून केलं नव्हतं, ते श्रेय घेणार नाही. पण जे झालं ते मोडलं नाही हे आज बरं वाटलं.

लाल अजून अर्धी छटा उतरवायला हवा, लाईटखाली फार पुढे येतोय.

मुलगी जाताना म्हणाली, पणजीच्या कला अकादमीत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी नाट्यगृहाच्या भिंतींवर बाल्कनीत बसलेले प्रेक्षक रंगवलेत ना सर, नाटक नसलं तरी ते बघतच असतात, ते मला लहानपणी खरे वाटायचे. म्हणून मी त्यांना हात करायचे. आणि आता? आता पण करते.

१४ डिसेंबर, शनिवार (लिहायला पहाट झाली)

पालखी झाल्यावर साडेअकराला नाटक सुरू. नांदी, मग पहिला प्रवेश रस्त्याचा. दुसऱ्याला राजदरबार. मी डावीकडे खांबाला टेकून उभा.

पडदा उतरला आणि बांबू जमिनीला टेकला तेव्हा खालून बारीक धूळ उठली, लाईटमध्ये लाल दिसली. काका सिंहासनावर येऊन बसले. त्यांच्या उजव्या खांद्याच्या मागे तो पिवळा फटका होता आणि मुकुटावरचा उजेड तिथूनच आल्यासारखा वाटत होता, खरं तर तो वरच्या हॅलोजनचा. दोन मिनिटं मी पडदा बघितला असेन. मग काकांनी पद घेतलं, त्यांचा आवाज यंदा जरा बसलाय पण वरचा षड्ज अजून लागतो, आणि नंतर कधी तरी माझ्या लक्षात आलं की मी पडदा बघायचा विसरलोय. पुढे चटईवर एक चार-पाच वर्षांची पोर आजीच्या मांडीत होती, ती मात्र राजाकडे बघतच नव्हती, दासीकडे बोट करून आजीला काहीतरी विचारत होती. काय ते ऐकू आलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर पडदा गुंडाळला. नीट वाळू दिला होता दोन दिवस. रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचा, आत ठेवला की चेपतो आणि तडे जातात. मध्ये कडुलिंबाची सुकी पानं, वर जुनं सुती लुगडं, प्लास्टिक अजिबात नको, घाम धरतं. माळ्यावर भिंतीला न टेकवता दोन आडव्या दोऱ्यांवर ठेवला.

गुंडाळण्याआधी मागच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलने लिहिलं: सरस १ वाटी, पाणी १२, तुरटी चिमूट, उकळू नये. पिवडी, काव, हिरमिजी, नीळ, काजळी, खडू. उजवे खांब मुद्दाम तसेच ठेवलेत. १९९६, २०२४. खाली माझी सही, तिच्या शेजारी मुलीची.

जंगलाचा पडदा पण माळ्यावर आहे, तो मी रंगवलेला नाही, माझ्या आधीचा, कोणी केला ते गावात कुणालाच सांगता येत नाही. आज टॉर्च मारून एक कोपरा बघितला. पानं फार सुंदर आहेत. मे महिन्यात खाली काढायचा, कमिटीला सांगून आलो.